भिडूचा निवाडा

भवानी पेठ, सोलापूर
कार्तिक वद्य ५, शके १८५०

वीरभद्रप्पा यांस धोंडीरामचा नमस्कार.

इतकी वर्षे आपण एकमेकांना अरे-तुरे करत आलो, पण आज लिहायला बसलो तर हात आपोआप 'तुम्ही'कडे वळला. तुम्ही कुर्डुवाडीला गेल्यापासून आपल्यात एक शब्द गेलेला नाही, त्याचे हे फळ असावे.

पत्राचे कारण कुंडलिक. तो अंथरुणाला खिळला आहे. छातीत कापूस भरला आहे असे वैद्यबुवा म्हणतात. खोकला लागला की मुक्तावहिनी त्याला पाठीमागून धरून बसतात. परवा मी गेलो तेव्हा त्याने शेतीचे विचारले नाही, मुलीच्या घरचे विचारले नाही. एवढेच म्हणाला, "भिडू कसा हाय माझा?" तुमची काही खबर मला नव्हती. बरा आहे असे सांगितले.

गिरणीतले हे रुईचे खाते कुंडलिकचे नव्हे, तुम्हाला ठाऊक आहे. तो मागावरचा माणूस. रुई पिंजण्याच्या खात्यात तो आपण होऊन गेला, कारण तिथे घरघरीत कोणी कोणाशी बोलत नाही. तिथे जायची पाळी का आली, ते तुमच्या कानावर आले असेल किंवा नसेल, म्हणून लिहितो.

गिरणी बंद राहिली होती तेव्हा पेठेतल्या लोकांनी वर्गणीची ज्वारी जमवली होती. माप धरायला सगळ्यांनी कुंडलिकलाच बसवले. तो माप घालताना वरून हात फिरवत नसे, त्यामुळे बायाबापड्या त्याच्याच रांगेत उभ्या राहत. मग एका सभेत माझा भिडू सोमलिंग उठला. म्हणाला, भज्यांच्या पुड्यासाठी जो खोटा निवाडा देतो, तो ज्वारीसाठी काय करेल? लोक हसले. आपल्या ओट्यावर पत्त्यांच्या डावात घडलेली गोष्ट त्याने तिखटमीठ लावून सांगितली. दुसऱ्या दिवशी माप दुसऱ्याच्या हातात होते. पोरेसुद्धा त्याला 'खोटा पंच' म्हणू लागली. मग कुंडलिकने रुईच्या खात्यात बदली मागितली.

आता तो फार दिवसांचा सोबती नाही. भिडू म्हणून त्याचा निवाडा करायचा हक्क तुमचा, आणि तुम्ही तो केलेला नाही. एकदा येऊन जा.

धोंडीराम


मार्गशीर्ष शुद्ध ८

वीरभद्रप्पा यांस,

तुमचे कार्ड पोचले. रजा मिळत नाही आणि जुन्या गोष्टी उकरून काय उपयोग, असे लिहिले आहे. अक्षर तुमचे वाटले नाही. तुमचा 'र' कसा पाय ओढून चालायचा, ते मला आठवते. हात दुखत असेल म्हणून दुसऱ्याकडून लिहून घेतले असेल. असो.

उकरायचे म्हणून उकरत नाही. मला एक गोष्ट कळत नाही, ती तुम्हालाच विचारता येते.

आपला नियम मी आणला होता. त्याआधी आपण मेंढीकोट खेळायचो तो भांडणासाठीच. बंद हुकूम कोणी उघडायचा यावरून सोमलिंगने एकदा तुमचा पिवळा रुमाल गटारात टाकला होता. तेव्हा मी आमच्या वळसंग गावची रीत सांगितली. एखाद्याचा बैल दुसऱ्याच्या पिकात शिरला, तर नुकसान किती ते बैलवाल्याच्या भाऊबंदाने सांगायचे. परका माणूस कमी सांगतो किंवा जास्त सांगतो. भाऊबंदाला मात्र लाज असते, तो खरे सांगतो. तुम्हाला ते पटले. मग ठरले की ज्याच्यावर आळ आला त्याने तोंड उघडायचे नाही, त्याच्या भिडूने एकट्याने जिंकलेले हात उलगडून बघायचे आणि 'चूक' किंवा 'बरोबर' एवढेच सांगायचे. त्यावर वाद नाही. कळले नाही तर तसे म्हणायचे, डाव पुन्हा वाटायचा.

एक कलम तुम्ही घातले होते. सोमलिंगवर आळ आला असताना मी त्याला वाचवायला मुका बसलो, तेव्हा तुम्ही चिडून म्हणालात, "भिडू गप्प राहिला की चूक धरायची." तेही आम्ही मानले.

आणि त्या नियमाने आपली भांडणे खरोखर थांबली. कुंडलिकने तर तुमच्याविरुद्ध कितीदा निवाडा दिला. दंडाचा भज्यांचा पुडा आणायला तुम्हाला पिटाळायचा आणि वर म्हणायचा, "कांद्याची आण बरं का, अप्पा, मिरचीची नको." असा माणूस त्या दिवशी खोटे का बोलला?

मला सगळे डोळ्यांसमोर आहे. दुपार होती, आभाळ भरून आले होते. सोमलिंगने बदाम उतरवला. कुंडलिकचा एक्का पडला, माझा बदाम पडला, तुम्ही एक लाल पान टाकले आणि हात कुंडलिकने ओढला. पुढे तुम्ही बदामाची राणी काढलीत तेव्हा सोमलिंगला संशय आला. मघाशी तुम्ही बदाम टाकला नव्हता असे त्याला वाटत होते. रंग असून दडवला, म्हणून त्याने डाव थांबवला. तुम्ही रीतीप्रमाणे गप्प. कुंडलिकने हात उलगडून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "बदामच हाय. डाव बरोबर."

सोमलिंगने नियम मोडला आणि पाने हिसकली. तीन बदाम होते आणि चौकटची सत्ती. आमची पाने आम्ही ओळखली. सत्ती तुमची.

"भिडूसाठी खोटं बोलतो का बे? उद्या बायकोसाठी देव विकशील की," असे सोमलिंग म्हणाला. तुम्ही हातातली पाने खाली ठेवलीत, ओट्याखाली पायाने चाचपत वहाणा घातल्यात आणि निघून गेलात. पुढच्याच आठवड्यात तुमची कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात भरती झाली.

रागावू नका, पण चूक तुमची होती आणि खोटेपणा कुंडलिकला चिकटला. त्याचा त्यात काय लाभ होता? इतके दिवस मी त्याच्या उशाशी बसतो, तो सांगत नाही. तुम्ही सांगा.

धोंडीराम


मार्गशीर्ष वद्य ११

वीरभद्रप्पा,

मी कुर्डुवाडीला येऊन गेलो. तुला भेटलो आणि भेटलो नाही.

उत्तर येईना म्हणून सकाळच्या गाडीने आलो. कारखान्याच्या फाटकापाशी उभा राहिलो. भोंगा झाला, माणसे बाहेर पडू लागली, त्यात तू दिसलास. डोक्याला तोच पिवळा रुमाल. मी वाटेत पुढे झालो. तू माझ्या तोंडाकडे पाहिलेस आणि खांद्याला खांदा घासून निघून गेलास.

मला फार लागले. माणूस इतका कसा उलटतो, असे वाटले. तुला चार शब्द सुनवायचे म्हणून मागोमाग आलो. रुळांपाशी तू थांबलास. गाडी नव्हती, इंजिन नव्हते, सगळे रान मोकळे होते, तरी तू मान खाली घालून ऐकत उभा राहिलास आणि मगच पलीकडे गेलास. चहाच्या दुकानात बाकावर बसलास. पोऱ्याने बशी ठेवली, तर तिची कड तू बोटाने शोधलीस. मी समोरच्या बाकावर होतो. तू माझ्याकडे तोंड करून चहा प्यालास.

तू गेल्यावर मी दुकानदाराला अप्पाच्या गावचा आहे असे सांगितले. तिथे तुमच्या खात्यातला एक जण होता. तो हसत म्हणाला, "अप्पांची दृष्टी लई तेज हाय की. दरसाल डाक्टर डोळे तपासतो, तवा रांगेत शेवटी उभे ऱ्हात्यात. म्होरल्यांचं ऐकून अक्षरं पाठ. आमी बी जरा मोठ्यानं वाचतो." मग त्याला वाटले आपण जास्त बोललो, आणि तो उठून गेला.

मी तशीच परतीची गाडी धरली. तुला हाक मारायचे धैर्य झाले नाही.

गाडीत माझ्या डोक्यात त्या दिवसाचा डाव पुन्हा पुन्हा वाटला जात होता. भरून आलेले आभाळ. जुनी मळकी पाने, लालावर लाल. तू सत्ती टाकलीस ती बदाम समजून. कुंडलिकने हात उलगडला तेव्हा त्याला चूक दिसली आणि तुझे डोळेही दिसले. 'चूक' म्हटले असते तर सोमलिंगने विचारले असते की बदामाची राणी हातात असून चौकट का टाकली, आणि डोळ्यांची गोष्ट बाहेर आली असती. बाजारपेठ दोन हातांवर, गोष्ट पसरायला वेळ लागला नसता. रेल्वेची भरती पुढच्या आठवड्यात, तिथे डोळे तपासतात. म्हणून तो खोटे बोलला, आणि सोमलिंगने पाने हिसकल्यावरही त्याने तुझे नाव घेतले नाही.

हे पत्र तुला कोण वाचून दाखवते ते आता मला कळले आहे. शांतम्मावहिनी, अक्कलकोटला माहेरी तुम्हाला शिकवले ते या कामी आले. हे वाचताना मध्येच थांबू नका, आणि कमीही वाचू नका.

वीरभद्रप्पा, तू ये. सोमलिंगसमोर, पेठेतल्या चार माणसांसमोर 'मला दिसत नव्हते' एवढे म्हण. माणूस जाण्याआधी त्याचे नाव त्याला परत मिळू दे.

धोंडीराम


पौष शुद्ध १

वीरभद्रप्पा,

शांतम्मांचे पत्र आले. त्यांनी काही लपवले नाही. बोललास तर नोकरी जाईल, घरात खाणारी तोंडे आहेत, धाकटीचे लग्न अजून व्हायचे आहे. आणि तू पत्र ऐकल्यापासून अर्ध्या भाकरीवरून उठतोस. वाचून माझा राग गेला.

मी कुंडलिककडे गेलो. मुक्तावहिनी पाणी आणायला गेल्या होत्या. मी त्याला म्हटले, मी कुर्डुवाडीला गेलो होतो, मला सगळे समजले. त्याने मान माझ्याकडे वळवली. मग विचारले, "वळखलं का रं त्यानं तुला?"

मी नाही म्हटले.

"म्हंजी वाढलंय," तो म्हणाला. त्याला दम लागला होता. थांबत थांबत जे बोलला ते तसेच लिहितो. "मला त्या डावाच्या आदीपासनं ठावं व्हतं. राजा का राणी ते तो मला पायानं विचारायचा. आपला नेम लई चांगला हाय, धोंडबा. पर भिडूचं घर बुडंल असं खरं बोलायला नेमात कुटं लिवलंय?"

मी म्हटले, आता मी सोमलिंगला सांगतो, तो पेठेला सांगेल. त्यावर त्याने माझा हात धरला, आणि त्या हातात अजून एवढी ताकद असेल असे मला वाटले नव्हते. माझ्या गळ्यातली तुळशीची माळ मला धरायला लावली. "तू कुनाला बोलायचं न्हाय. मी गेल्यावर बी न्हाय. त्याची नोकरी हाय तवर न्हाय. बोलायचं आसंल तर त्यो बोलंल." मी शपथ घेतली. घ्यायला नको होती असे आज वाटते, पण माळेवर हात ठेवून दिलेला शब्द मला परत घेता येत नाही.

नंतर तो जरा हसला. म्हणाला, निवाडा-फिवाडा काही नको. संक्रांतीला गिरणी बंद असते, रेल्वेतही सुट्टी मिळेल. भिडूला म्हणावे एकदा ये, एक डाव टाकू. सोमलिंगला आणायचे काम माझ्याकडे दिले. मी विचारले, अप्पाला पाने दिसायची कशी? "त्ये मी बगतो," म्हणाला.

तेव्हा संक्रांतीला ये. काही बोलू नकोस, नुसता येऊन बस. शांतम्मा, त्यांना गाडीत बसवून द्या. दिवसभर मी कुंडलिककडेच असेन. स्टेशनवर घ्यायला येऊ का तेवढे कळवा.

धोंडीराम


पौष वद्य ३

वीरभद्रप्पा,

कुंडलिक गेला. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना गेला. त्रास फार झाला, ते लिहीत नाही.

घ्यायला येऊ नका, ते येतील, असे शांतम्मांनी कळवले होते. म्हणून संक्रांतीला आम्ही वाट पाहिली. सोमलिंगला मी आणू शकलो नव्हतो, खोट्या माणसाच्या घरी तीळगूळ खात नाही म्हणाला. तरी कुंडलिकने मुक्तावहिनींकडून अंगावर धुतलेला सदरा घालून घेतला आणि भिंतीला टेकून बसला. दारात कोणाची सावली पडली की मान उचलायचा. बाहेर सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी, ढोल-हलगी, काही ऐकू येत नव्हते. संध्याकाळी त्याने स्वतःच विचारले, "गाडी गेली आसंल न्हवं आता?" मी होय म्हटले. मग तो आडवा झाला.

तू आला नाहीस म्हणून तुझ्याविषयी माझ्या मनात जे आले ते देवापुढेही बोलण्यासारखे नव्हते. खांदा देताना तेच मनात होते.

काल दिवसकार्याला सोमलिंग आला. कितीही झाले तरी जुना मित्र. बाहेर बसल्यावर तो मला म्हणाला, "तुझा तो अप्पा आलता की संक्रांतीला. माझ्या तेलाच्या दुकानासमोर कोपऱ्यावर उभा व्हता. गर्दी वसरली तरी उभाच. माझ्याकडं सरळ बगितलं आन् तोंड फिरवलं. म्या बी हाक मारली न्हाय. भिताडावर हात घासत परत गेला."

वीरभद्रप्पा, सोमलिंगच्या दुकानापासून कुंडलिकचे दार दिसते. आपण तिथूनच त्याला हाका मारायचो. तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता, सदरा घालून.

यात्रेचे मांडव उभे राहिले की पेठेचे कोपरे बदलतात. तुला गल्ली सापडली नसणार. कोणालाही विचारले असतेस तर हाताला धरून नेले असते. पण विचारले की डोळ्यांचे कळते. तू विचारले नाहीस. सोमलिंगला मी यातले काही सांगू शकलो नाही, माळ गळ्यात होती. तो म्हणाला, "कसली दोस्ती ती. दोघं बी सारखेच." आणि बसलेल्या माणसांत कोणीतरी म्हणाले, माणूस तसा भला होता, त्या एका खोटेपणाने गेला. सगळ्यांनी माना हलवल्या. मी खाली बघत राहिलो.

मी नियम आणला तेव्हा मला वाटले होते की लाजेने माणूस खरे बोलतो. ते सगळे खरे नाही. लाजेने माणूस गप्पही राहतो, आणि गप्प राहिले की काय धरायचे ते कलम तू घातले आहेस. माझे तोंड बांधलेले आहे. कुंडलिकचा भिडू तू. शांतम्मांचे म्हणणे मला कळते, आणि धाकटीचे होऊ दे असेही मी मनापासून म्हणतो. मी आग्रह करत नाही. ओटा तिथेच आहे, सोमलिंगचे दुकानही तिथेच आहे, एवढे सांगतो.

सोबतच्या पुडक्यात पत्ते आहेत. सामान आवरताना मुक्तावहिनींना कुंडलिकच्या उशाखाली सापडले. शेवटचे दिवस तो गोधडीची सुई घेऊन त्यांना काहीतरी करत बसायचा. बऱ्याचदा सुई बोटातच जायची. वहिनींना वाटले डोके फिरले. त्यांनी पुडके माझ्यापुढे ठेवून हळूच विचारले, "भावजी, ह्ये फसवायचं काम न्हवं न्हवं?" खुणा केलेले पत्ते बघून पेठेत कोणीही तेच म्हणेल, म्हणून मी ते धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणले.

प्रत्येक पानावर सुईचे टोचे आहेत. वरच्या कोपऱ्यावर बदामाला एक, चौकटीला दोन. काळ्या रंगांना खालच्या कडेला, आणि पान कोणते त्याचे टोचे मधोमध. मी डोळे मिटून पाहिले, बोटाला लागतात. काही पानांवर रक्ताचे डाग आहेत, ते मी पुसले नाहीत.

शांतम्मा, पत्र इथवर वाचलेत तेवढे पुरे. पत्ते वाचून दाखवू नका. ते त्यांच्या हातात द्या. ते त्यांना स्वतःला वाचता येतात.

धोंडीराम